टाळीची ओळ

टाळ्या पडल्या म्हणजे भाषण चांगलं झालं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. मराठी भाषा गौरव दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत तुम्ही जे जे बोललात ते मी शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकलं. आवाज खणखणीत होते. हातवारे नीट बसवलेले होते. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'पर्यंत कुणी कुठे अडखळलं नाही. तरीही मला लाज वाटली. कारण ज्या कवीचं नाव घेतलं त्याची ती कविता तुमच्यापैकी एकानेही पुरती वाचलेली नव्हती. ओळ तोंडपाठ आणि कवितेचा पत्ता नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांना हे ऐकवायची वेळ येते याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्याच्यापासूनच सुरुवात करतो. तू भाषणाचा शेवट कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेच्या शेवटाने केलास. सभागृह दणाणलं. तू खाली उतरलास तेव्हा मी विचारलं, हे कोण म्हणतंय? 'कुसुमाग्रज, सर.' कुणाला? 'सगळ्या तरुणांना.' साफ चूक. दोन्ही उत्तरं चूक.

त्या कवितेत बोलणारा एक जुना विद्यार्थी आहे. पावसात भिजून, चिखलाने माखून तो आपल्या सरांकडे येतो. नदी त्याच्या घरात शिरून गेली आहे. घर पडलं, चूल बंद झाली, संसाराचं सामान वाहून गेलं, बायको तेवढी राहिली. हे तो रडत सांगत नाही. माहेरी आलेल्या लेकीने घरभर हुंदडून जावं तसं नदीचं येणं तो हसून सांगतो. आणि मग ती गोष्ट येते जी तुझ्या भाषणातून गळाली. नवरा-बायको दोघांनी मिळून भिंत पुन्हा उभारायला घेतली आहे, गाळ उपसायला घेतला आहे. म्हणजे सरांच्या दारात येण्याआधीच त्याचं लढणं सुरू झालेलं आहे, आणि तसं तो स्वतःच्या तोंडाने सांगतोही. सरांचा हात खिशाकडे वळतो, तसा तो उठतो. पैशासाठी आलोच नव्हतो, एकाकी वाटलं म्हणून आलो, असं त्याचं म्हणणं. सगळं गमावलेल्या त्या माणसाने मागितलं काय, तर पाठीवर हात आणि एक शब्द, 'लढ'. सर त्यावर काय बोलले ते कवी सांगत नाही. कविता तिथेच थांबते.

आता तुझं भाषण आठव. त्यात गाळ नव्हता, बायको नव्हती, एकाकीपण नव्हतं, पैसे नाकारणं नव्हतं. स्पर्धा परीक्षेत यश कसं मिळवावं यावर सात मिनिटं बोललास आणि शेवटी ती ओळ वर चिकटवलीस. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आपल्या बीड जिल्ह्यात घरांत पाणी शिरलं, जमिनी खरडून गेल्या, उभं सोयाबीन कुजलं. या वर्गात असे विद्यार्थी बसले आहेत ज्यांच्या घरचं धान्य तेव्हा भिजलं. ती कविता त्यांची आहे. तिचं नाव घेऊन बोलताना तुला त्यांची आठवण व्हायला हवी होती. झाली नाही, कारण कवितेत पूर आहे हेच तुला माहीत नव्हतं.

आणि हा दोष एकट्या तुझा नाही. निवडणूक आली की आपल्या बीडमध्ये चौकाचौकात इच्छुकांचे बॅनर लागतात, आणि चेहऱ्याखाली हीच ओळ. तिथे 'लढ' म्हणजे मला उमेदवारी द्या. ज्या माणसाने खिशाकडे जाणारा हात अडवला, त्याचे शब्द मागायला निघालेल्यांच्या तोंडी! बॅनर छापणाऱ्याने कविता वाचली नाही हे मी एक वेळ समजू शकतो. मराठीच्या विद्यार्थ्याने तिथूनच ओळ उचलावी हे मला समजत नाही.

पाचवी-सहावीत तुम्हाला 'कोण कोणास म्हणाले' हा प्रश्न यायचा. एकेक मार्काचा. पुढे 'संदर्भासह स्पष्टीकरण' आलं. तुम्हाला वाटलं हे परीक्षेपुरतं असतं. मार्क मिळाले, सुटलो. अरे, साहित्य वाचायची अर्धी शिस्त त्या एका प्रश्नात आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, वेळ कसली, आणि बोलणाऱ्याचं म्हणणं लिहिणाऱ्याला पटतंय का? नाटककार कपटी माणसाच्याही तोंडी वाक्य घालतो, भित्र्याच्याही घालतो, प्रेमात आंधळ्या झालेल्यांच्याही घालतो. ते सगळं त्याचं मत धरलंत तर एका नाटकात त्याची वीस मतं निघतील आणि वीसही एकमेकांच्या विरोधात.

दुसऱ्या क्रमांकाची मुलगी, आता तुझं. नावाला काही किंमत नसते, असं शेक्सपिअर सांगून गेला, असं तू ठासून म्हणालीस. शेक्सपिअरने असं काही सांगितलेलं नाही. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली ज्युलिएट हे बोलते. वय पुरतं चौदासुद्धा नाही. रात्री आपल्या खोलीबाहेर एकटीच उभी राहून स्वतःशी बोलतेय. खाली बागेत रोमिओ उभा आहे आणि ऐकतोय, हे प्रेक्षकांना दिसतं, तिला माहीत नाही. त्याच संध्याकाळी तो तिला भेटला आणि निघाला नेमका वैऱ्याच्या घराण्यातला. नाव आडवं आलं म्हणून ती नावाशी भांडते. तिच्या वयाला, तिच्या अवस्थेला ते शोभतं. पण नाटक तिचं ऐकतं का? त्याच दोन घराण्यांच्या नावापायी भर रस्त्यात तलवारी निघतात, तिचा मामेभाऊ रोमिओच्या हातून मरतो, रोमिओला शहर सोडावं लागतं आणि शेवटी दोघांचे जीव जातात. नावाला किंमत नसती तर ते नाटक दुसऱ्या अंकातच संपलं असतं. तू नाटकातल्या एका पोरीची तळमळ उचललीस आणि नाटककाराचा सिद्धांत म्हणून आम्हाला ऐकवलीस.

आणि हे तू बोललीस कुठे? मराठवाड्यात. तुझ्या पदवीच्या कागदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं छापून येणार आहे. ते नाव कसं आलं, माहीत आहे? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसं मारली गेली. कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. १९७९ साली लाँग मार्च निघाला, माणसं तुरुंगात गेली, आणि आंदोलन पुढे चालतच राहिलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षं गेली. दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या दारात लोक लांबलांबून येतात आणि त्या नावापुढे माथा टेकवतात. त्यांच्यासमोर उभी राहून नावात काही नसतं असं म्हणशील? म्हणणार नाहीस, कारण तुला ते जाणवेल. मग व्यासपीठावर का नाही जाणवलं? ओळ कुठून आली हे बघितलं नाहीस, आणि आपण कुठे उभे आहोत हेही बघितलं नाहीस.

बांध-शिवाराच्या भांडणांवर जो बोलला त्याने रॉबर्ट फ्रॉस्टला मधे आणलं. चांगलं कुंपण असलं की शेजारधर्म टिकतो, असं फ्रॉस्टचं मत असल्याचं त्याने सांगितलं. १९१४ साली पुस्तकात आलेल्या 'मेंडिंग वॉल' या कवितेत हे शेजारी म्हणतो. बापाकडून ऐकलेलं, तपासून न बघितलेलं, आणि दोनदा तेच म्हणतो. कवितेतला 'मी' मनात विचारतोय की अरे, इथे गायी नाहीत, गुरं नाहीत, तुझी पाइनची झाडं आणि माझी सफरचंदाची, मग हे दगड कशाला रचायचे? ज्या जिल्ह्यात वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तिथल्या मुलाला त्या कवितेत बोलण्यासारखं केवढं सापडलं असतं! दोन शेजारी दरवर्षी भेटतात ते फक्त मधली भिंत नीट करायला, एवढ्यावरच दहा मिनिटं बोलता आलं असतं. त्याने मात्र ज्याच्याशी कवितेतल्या 'मी'चा वाद आहे त्यालाच कवी करून टाकलं.

आता तुकोबा. इथे माझा आवाज चढेल, आणि चढायलाच हवा.

समाधान या विषयावर बोलताना तुमच्यातल्या दोघांनी तुकोबांचा हवाला दिला. देवाने ज्या स्थितीत ठेवलं त्या स्थितीत राहावं, जास्तीची हाव धरू नये. हे तुम्ही गाथेत वाचलेलं नाही. हे तुम्ही ऐकलंय, आणि कुणाच्या तोंडून ऐकलंय ते मला माहीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली, ती फिटेपर्यंत मोकळीक नाही. घरातल्या मुलीला आठवीच्या पुढे शिकायचं असतं, किंवा एखाद्या पोराला उचल न घेता दुसरं काही करून बघायचं असतं. तेव्हा गावातलं कुणीतरी वजनदार माणूस हीच ओळ ऐकवतं. तुकोबांचं नाव लावलं की समोरच्याचं तोंड बंद. तुम्ही तीच ओळ, त्याच अर्थाने, व्यासपीठावर नेलीत. तुमच्या मागच्या बाकांवर कोयत्यावर जाणाऱ्यांची मुलं बसली होती.

कुणाचं नाव घेतलंत ते तरी बघा. देहूच्या मोऱ्यांचं घर, वाण्याचा धंदा, सावकारीही होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. परंपरा सांगते की त्यांनी लोकांच्या कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. स्वतःचं येणं स्वतःच्या हाताने बुडवणारा माणूस उचलीखाली दबलेल्या मजुराला आहेस तिथेच राहा असं सांगेल? हा प्रश्न मनात यायला पीएच.डी. लागत नाही.

तो अभंग उघडा. लहानसाच आहे. पुढच्या चरणात ते म्हणतात की मनाला घोर लावून घेतलात तर पदरात दुःखच पडतं. शेवटी ते आपलं ओझं देवावर सोपवून संसार ओढायची तयारी दाखवतात. संसार ओढायची, हे लक्षात घ्या. हातपाय गाळून बसायची नाही. जीव पोखरणाऱ्या काळजीशी चाललेलं ते बोलणं आहे, आणि ते आधी स्वतःच्याच मनाशी आहे. त्यात पूर्वसंचिताची गोष्टही आहे. ती मी तुमच्यापासून लपवत नाही, तुम्हीही लपवू नका. तुकोबा ते मानत होते, तुम्हाला पटत नसेल तर तसं म्हणा. पण याच तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात सचोटीने व्यापार करून पैसा कमवा आणि त्याच्यात न गुंतता तो खर्च करा असं सांगितलंय. ज्याला माणसाने जागचं हलूच नये असं वाटतं, तो कमवायला कशाला सांगेल? काठीच्या अभंगाचंही तेच केलंय. उर्मट माणसाच्या टाळक्यात काठी घालायची तेवढी प्रत्येकाच्या स्टेटसला असते. सज्जनासाठी अंगावरचं शेवटचं वस्त्रही काढून द्यायची तयारी त्याच अभंगात आहे, ती कुणाच्याच स्टेटसला नसते.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गावात सप्ताह बसतो, रात्री कीर्तन असतं. महाराज अभंग घेतात एकच. दोन तास त्याचाच एकेक चरण सोडवतात. प्रमाण म्हणून दुसरे अभंग येतात, ज्ञानेश्वरीतल्या ओव्या येतात, दृष्टांत येतात, मधे टाळ-मृदंगाचा गजर होतो, पण फिरून त्याच अभंगावर यावं लागतं, आणि शेवटचा चरण उलगडल्याशिवाय कीर्तन पूर्ण होत नाही. मांडवात बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना सही करता येत नाही. ते अख्खा अभंग घेऊन घरी जातात. तुम्ही पाव अभंगावर बक्षीस घेऊन घरी गेलात.

समर्थ रामदासांचंही तुम्ही तेच केलंत. त्यांचा जन्म शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचा. चळवळीत बळ असतं, ती जो करील त्याला ते मिळतं, या अर्थाची त्यांची ओवी तुमच्यातल्या एकाने मूठ वळून म्हटली. त्या ओवीचा उत्तरार्ध 'परंतु'ने सुरू होतो, आणि तिथे भगवंताचं अधिष्ठान हवं अशी अट आहे. तुला देव मानायचा नसेल तर मानू नकोस. चळवळीला देव कशाला, असा वाद समर्थांशी घाल, मी तुला पूर्ण वेळ देईन. पण त्यांचं वाक्य मधेच तोडून त्यांना तुझ्या बाजूला बसवायचा अधिकार तुला नाही. आणि पसायदान! जो जे इच्छील ते त्याला मिळो, एवढंच शुभेच्छापत्रांवर छापतात. १२९०च्या सुमारास नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, अठरा अध्याय आणि नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या झाल्यावर ते मागणं आलं आहे, आणि त्यालाही क्रम आहे. आधी दुष्टांची वाकडी बुद्धी जावी. मग त्यांना सत्कर्माची गोडी लागावी. सगळ्या जिवांत मैत्री व्हावी. पापाचा अंधार सरावा. एवढं सगळं झाल्यावर प्रत्येकाला हवं ते मिळावं. आधीच्या मागण्या गाळून ही तेवढी ठेवलीत तर वाळू उपसणाऱ्यालाही हवी तेवढी वाळू मिळो, असा त्याचा अर्थ होतो. ज्ञानदेवांनी हे मागितलं असेल?

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. वेळ सातच मिनिटांचा असतो. ठीक आहे. मग सात मिनिटांत एकच कविता घ्या आणि ती नीट घ्या. पाच कवींच्या पाच ओळी कुणी मागितल्या होत्या? परीक्षकांना टाळीचं वाक्य लागतं. लागत असेल. परीक्षक चुकले तर तुम्हीही चुकायचं, असं कुठे ठरलंय? बसस्टँडवर 'भाषणासाठी निवडक काव्यपंक्ती' असल्या पुस्तिका मिळतात. त्यात ओळींखाली कवीचं नाव असतं, कवितेचं नसतं. मोबाइलवर तर नावही खोटं असतं. वपु काळ्यांच्या कथांतली वाक्यं त्यांच्या पात्रांची आहेत. पात्र चिडलेलं असतं, हरलेलं असतं, कधी स्वतःला फसवत असतं, आणि तेच वाक्य सकाळी फुलाच्या चित्रावर सुविचार होऊन फिरतं.

एम.ए.ला असलेल्या एकाने मला जरा वरच्या पट्टीतलं उत्तर दिलं. सर, लिहून झालं की ते लेखकाचं राहत नाही, वाचक आपला अर्थ लावतो. बरोबर आहे. पण वाचक. ज्याने वाचलंय तो. न वाचणाऱ्याला हा नियम लागू होत नाही. आणि काही ओळी भाषेत मुरतात, म्हणी होऊन जातात, हेही मला मान्य आहे. घरात आई पोराला समजावताना तुकोबांचे दोन शब्द बोलून जाते, तिला मी संदर्भ विचारणार नाही. ती कुणाला साक्षीला उभं करत नसते. पण 'तुकाराम महाराज म्हणतात, म्हणून तुम्ही असं वागा' असं जो म्हणतो, तो मेलेल्या माणसाची साक्ष काढतो. त्याने ती पुरी काढली पाहिजे. साक्षीदार उठून 'मी असं म्हणालो नव्हतो' असं सांगू शकत नाही, म्हणून तर जबाबदारी दुप्पट.

अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी कुणी पाहिली आहे? हात वर करा. दोघंच. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरण लिहिलेलं. १६१५ साली वारलेल्या माणसाचं हे काम. पंचमहाभूतांचा विचार पायरीपायरीने मांडत ते कापडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले आहेत. त्यातला हातभर तुकडा कुणी कातरीने कापून आणला तर आपण त्याला पोलिसांत देऊ. तुम्ही स्पर्धेत दुसरं काय केलंत?

जिल्हास्तरीय स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. प्रवेशिकेवर माझी सही लागते. तुमची नावं मी पाठवणार आहे, कारण तुमच्यात बोलायची ताकद आहे आणि ती मला वाया घालवायची नाही. पण सही आत्ता होणार नाही. ज्याने ज्याची ओळ म्हटली त्याने ती कविता, तो अभंग, तो प्रसंग पुस्तकातून वर्गात पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. पाठ म्हणायचा नाही, वाचायचा. मग मी प्रश्न विचारीन, मागच्या बाकावरची मुलं विचारतील. ओळ गाळून भाषण चांगलं होतंय असं तुमचं तुम्हालाच वाटलं तर गाळा, मला आनंदच होईल. शासकीय गाथा आपल्या ग्रंथालयात आहे, सार्थ ज्ञानेश्वरी आहे, दासबोध आहे, कुसुमाग्रजांचे संग्रह आहेत. 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची प्रत एकच आहे आणि ती आधी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला मिळेल. फ्रॉस्टची कविता इंग्रजी विभागातल्या सरांकडून मागून घ्या. मोबाइलवरून उतरवलेला कागद मी हातात धरणार नाही. शनिवारी पहिल्या तासाला सुरुवात करू.